सल्ला सुई-दोऱ्याचा: तीन थरांचं कापड धुताना

मागच्या अंकात टेबल रनरला, म्हणजे टेबलाच्या मधोमध अंथरायच्या लांब पट्टीला, गोट (कडेनं शिवायची पट्टी) कसा लावायचा ते लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, पण गोटाबद्दल त्यात थोडंच होतं. बाकी सगळ्यांची काळजी एकच: शिवून तर झालं, आता धुवायचं कसं? दोघींनी तर असंही लिहिलंय की डाग पडेल आणि मग धुवावा लागेल, या भीतीनं रनर अजून टेबलावर अंथरलाच नाही. वाचून जीव हळहळला. रात्री जागून, बोटांना सुया टोचून घेत शिवलेली वस्तू घडीतच राहिली तर ती शिवली कशासाठी? म्हणून या वेळी सगळी जागा धुण्याला.

एक गोष्ट आधी सांगते, पुढची बहुतेक उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. क्विल्टिंग केलेला रनर किंवा टेबलमॅट म्हणजे नुसतं जाड कापड नव्हे. वर तुकडे जोडून केलेला थर, खाली अस्तर, दोहोंच्या मध्ये भर, जिला दुकानात बॅटिंग किंवा वॅडिंग म्हणतात, आणि या तिघांना धरून ठेवणारे टाके. पाण्यात गेल्यावर भर पाणी पिते, जड होते आणि ते सगळं ओझं टाक्यांवर येतं. कापड फाटायच्या आधी टाका तुटतो. ओली वस्तू एका कोपऱ्याला धरून बादलीतून वर ओढली की कुठेतरी बारीक ‘टक्’ असं वाजतं. तो आवाज ज्यांनी ऐकलाय, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

ताई, लाल-पांढऱ्या तुकड्यांचा सहा फुटी रनर हातानं शिवलाय. पहिल्यांदाच धुणार आहे. लाल रंग पांढऱ्याला लागेल अशी धास्ती वाटते. मिठाच्या पाण्यात भिजवला की रंग पक्का होतो असं सगळे सांगतात. किती मीठ घालू?

अजिबात घालू नका. मिठानं कापडाचं काही बिघडतं म्हणून नाही, तर त्यानं काहीच होत नाही म्हणून. ‘आता रंग पक्का झाला’ असं धरून आपण बेसावध होतो, नुकसान होतं ते त्यामुळे.

रंग सुटतो का, ते समजून घ्या. हल्लीची बरीचशी गडद सुती कापडं रिॲक्टिव्ह रंगांनी रंगवलेली असतात. हे रंग सुताच्या धाग्याशी रासायनिक रीतीनं जोडले जातात. रंगवताना पाण्यात मीठ घालतात हे खरं आहे, त्यानं रंग पाण्यातून धाग्याकडे सरकतो. पण धाग्याशी जोडण्याचं काम सोड्यासारख्या अल्कलीमुळे होतं. त्यातला काही रंग धाग्याशी जोडला जाण्याऐवजी पाण्याशीच संयोग करून बसतो. तो धाग्यांत नुसता अडकलेला राहतो आणि पुढे कधीच जोडला जाणार नसतो. कारखान्यातल्या शेवटच्या धुण्यात तो निघून जायला हवा. ते धुणं उरकतं घेतलं की तो आपल्या घरी येतो. म्हणजे तुमच्या लाल तुकड्यांतून जो रंग सुटेल, तो पक्का करायचा नाहीये, घालवायचा आहे. व्हिनेगरचंही तसंच. लोकर आणि रेशीम रंगवताना आम्ल लागतं, सुताला त्याचा उपयोग नाही. तुरटी चालते ती वनस्पतींपासून केलेल्या रंगांना, तीही रंगवतानाच्या तयारीत. शिवून झालेल्या रनरला नव्हे.

आधी परीक्षा घ्या. पांढऱ्या सुती कापडाची चिंधी भिजवून लाल तुकड्यावर मिनिटभर दाबून धरा. मग दुसरी चिंधी साबणाच्या पाण्यात बुडवून तसंच करा. प्रत्येक वेगळं लाल वेगळं तपासा, कारण एका ताग्यातलं लाल निमूट राहतं आणि शेजारचं वाहत सुटतं. चिंधी पांढरी राहिली तर फार काळजी नको. गुलाबी झाली तर पाणी दुप्पट घ्यायचं.

सहा फुटी रनरला बादली पुरत नाही. मोठं टब घ्या, थंड पाणी भरपूर भरा आणि कपडे धुण्याचा सौम्य द्रव साबण आधी पाण्यात नीट मिसळा. कापडावर थेट ओतू नका. रनर पाण्यात सैल, पंख्यासारखा दुमडून सोडा आणि तळव्यांनी दाबत-उचलत दहा मिनिटं हलवत राहा. घासायचं नाही, पिळायचं नाही. साबणाचं काम मळ काढण्याइतकंच सुटलेला रंग पाण्यात तरंगता ठेवण्याचंही असतं. पाणी कमी पडलं की तो रंग पुन्हा कापडावर बसतो. मग पाणी बदलून तीन-चार वेळा खळबळा, शेवटचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. रंग ओढून घेणारे कागद मिळतात, ते टाकायला हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर पाणी कमी करू नका.

एवढं झालं की तिथून हलू नका. हे मी अनुभवानं सांगते. माझ्या सुरुवातीच्या रनरला मरून रंगाची पानं होती, जमीन पांढरी. धुऊन, खळबळून, चौघडी करून टबाच्या कडेवर ठेवला आणि फोन आला म्हणून आत गेले. तासाभरानं घडी उलगडली तर समोरच्या पांढऱ्या भागावर त्याच पानांची फिकट गुलाबी छापं. शिरासुद्धा मोजता आल्या असत्या. ओल्या कापडात रंग चालत असतो, आणि घडीत त्याला जायला दुसरी जागा नसते.

तो रनर मी वाचवला. कसा, ते लिहिते, म्हणजे कुणावर तशी वेळ आली तर हातपाय गळणार नाहीत. रंग लागलेली वस्तू वाळू द्यायची नाही आणि तिला इस्त्री तर मुळीच लावायची नाही. टबात हाताला जेमतेम सोसेल इतकं गरम पाणी भरलं, नेहमीपेक्षा जास्त साबण घातला, रनर पूर्ण पसरून बुडवला. वर येऊ नये म्हणून त्यावर दोन थाळ्या पालथ्या घातल्या. रात्रभर तसाच. सकाळी पाणी गुलाबी होतं. ते ओतून पुन्हा गरम पाणी, पुन्हा साबण. चौथ्या पाण्याला रंग सुटायचा थांबला आणि पांढरा भाग पांढरा झाला. धुताना थंड पाणी आणि रंग लागल्यावर गरम, हे उलटसुलट वाटेल. पण पहिल्या वेळी आपल्याला रंग कमी सुटायला हवा असतो आणि दुसऱ्या वेळी जेवढा सुटा आहे तेवढा सगळा निघायला हवा असतो. सुती भर आणि सुती कापड असेल तरच हा उपाय करा. लोकरीच्या भरीला गरम पाणी लावलं तर ती आटून घट्ट होईल.

ताई, मी कॉलेजात शिकते. आयुष्यात पहिल्यांदा चार टेबलमॅट केले. पाण्यानं जाणाऱ्या निळ्या पेननं रेघा आखल्या होत्या. टाके झाल्यावर छान दिसावेत म्हणून इस्त्री केली आणि मग साबणानं धुतले. आता निळ्याच्या जागी तपकिरी रेघा आल्यात. सगळं फुकट गेलं का?

अगं, नाही. टाके तुझे आहेत ना, ते कुठे गेलेत? फक्त क्रम चुकला, आणि तो पेनच्या पाकिटावर इतक्या बारीक अक्षरात लिहिलेला असतो की बऱ्याच जणींचा चुकतो. ही शाई नुसत्या थंड पाण्यात जाते. त्याआधी तिला उष्णता लागली किंवा साबणातला अल्कली लागला तर ती बदलते आणि कापडात बसते. तुझ्या हातून दोन्ही झालं.

आता मॅट साध्या थंड पाण्यात बुडवून ठेव, काही तासांनी पाणी बदल, असं दिवसभर कर. त्यानंतरही रेघा राहिल्या आणि कापड सुती असलं तर ऑक्सिजन ब्लीच (सोडियम परकार्बोनेट) कोमट पाण्यात विरघळवून त्यात भिजव. कोपऱ्यावर आधी करून बघ. बऱ्याचदा फिकट होतात, कधी पूर्ण जातात. जातीलच असं वचन मी देणार नाही. राहिल्या तर त्याच रेघेवर गडद दोऱ्यानं दुसरा धावदोरा घाल, नक्षीच वाटेल. मी एकदा केलंय.

पुढच्या वेळी टाके संपले की आधी पूर्ण मॅट थंड पाण्यात बुडव. नुसता पाण्याचा फवारा मारू नकोस. फवाऱ्यानं रेघ दिसेनाशी होते, पण शाई खाली भरीत उतरते आणि वाळता वाळता पुन्हा वर येते. पाण्यात बुडवली म्हणजे शाई पाण्याबरोबर निघून जाते. जांभळी शाई हवेनं आपोआप उडते, तिलाही इस्त्री लावायची नाही. तिसरी एक पेनं असतात, इस्त्रीच्या उष्णतेनं रेघ नाहीशी होणारी. ती शाई कापडातून जात नाही, फक्त तिचा रंग दिसेनासा होतो. शून्याच्या बरंच खाली तापमान गेलं की रेघ परत दिसू लागते. भेट म्हणून थंड मुलखात पाठवायच्या वस्तूवर मी ती वापरत नाही. मी स्वतः बोथट पट्टीनं कापडावर नुसती रेघ दाबते. टाका घालेपर्यंत ती टिकते आणि धुवायला काही उरत नाही.

पहिल्या धुण्यातच रनर आखडला आणि त्यावर बारीक सुरकुत्या पडल्या. कापड खराब निघालं का?

नाही. भर सुती असणार. सुती भर पहिल्या धुण्यात साधारण 3 ते 5 टक्के आटते. 72 इंचांच्या रनरमध्ये म्हणजे दोन ते साडेतीन इंच गेले. वरचं कापड आधी धुऊन घेतलेलं असेल तर ते भरीइतकं आटत नाही, म्हणून टाक्यांच्या मधे फुगतं आणि सुरकुती दिसते. कितीतरी जणींना नेमकं तेच रूप आवडतं, मलाही. गुळगुळीत हवा असेल तर पुढच्या वेळी पॉलिएस्टरची किंवा आधीच आटवून घेतलेली भर घ्या. हा आता ओढून ताणून इस्त्री करू नका.

वॉशिंग मशीन चालेल का? हातानं धुवायला वेळ नसतो.

भर आणि कापड नवं असेल, टाके जवळजवळ असतील तर चालेल. रोज वापरायचे मॅट मी मशीनमध्येच धुते. जाळीच्या पिशवीत घालायचे, नाजूक कपड्यांचं चक्र लावायचं, पाणी थंड किंवा फार तर 30 अंश, आणि मशीन अर्ध्याहून जास्त भरायचं नाही. मधे दांडा फिरणाऱ्या मशीनपेक्षा समोरून दार उघडणारं बरं, त्यात ओढाताण कमी होते. मशीनमध्ये टाकण्याआधी गोट हातानं चाचपून घ्या. कुठे उसवला असेल तर आधी टाका घाला. उसवलेल्या वीतभर जागेतून भर बाहेर येऊन तिचा गोळा व्हायला एक धुणं पुरतं.

कपडे मऊ करणारं द्रव्य नको. ते धाग्यावर पातळ थर धरतं. मग मॅट पाणी टिपत नाही, आणि सांडलेलं पाणी टिपायलाच तर तो टेबलावर असतो.

ज्यांच्या वस्तूत टाक्यांच्या ओळी चार-चार बोटांहून लांब आहेत आणि आत जुन्या पद्धतीचा सुटा पिंजलेला कापूस आहे, त्यांनी मशीनचा विचार करू नये. टाके धरून नसतील तिथे तो कापूस सरकतो, एका कोपऱ्यात गठ्ठा होतो आणि परत पसरत नाही.

वाळवण्याबद्दल तिघींनी विचारलंय, इथेच सांगून टाकते. टबातून काढताना खाली जुनी चादर घाला आणि चादरीसकट उचला. मोठ्या टॉवेलवर पसरा, टॉवेलबरोबर गुंडाळी करा, वरून दाबा, पाणी टॉवेल पिऊन घेतो. मग कोरड्या टॉवेलवर सावलीत आडवा पसरा आणि चौकोन हातानं सरळ करून घ्या. ओला असताना जसा ठेवाल तसा तो वाळतो. उन्हात घालायचाच असेल तर अस्तर वर करून घाला, उन्हानं रंग विटतात. इस्त्री हवी असेल तर खाली जाड टॉवेल, रनर पालथा, आणि इस्त्री सरकवायची नाही, ठेवून उचलायची. सरळ बाजूनं दाबून इस्त्री केली की क्विल्टिंगचा उठाव बसतो. पॉलिएस्टरची भर तर कायमची चपटी होते.

चहाचा डाग आणि तेलाचा डाग दोन्हींवर मी लगेच गरम पाणी आणि साबणाची वडी घासली. दोन्ही राहिले.

तुम्ही तत्परता दाखवलीत, ते बरोबरच. पण दोन डागांचे स्वभाव वेगळे आहेत, म्हणून त्यांना एकच उपाय लागू पडला नाही.

चहात टॅनिन हे तुरट द्रव्य असतं. साबणाच्या वडीनं ते जायच्या ऐवजी घट्ट बसतं. त्यात दूध असेल तर दुधातलं प्रथिन गरम पाण्यानं साकळतं. चहा सांडला की कोरड्या कापडानं टिपायचा, घासायचं नाही, आणि खालून म्हणजे अस्तराच्या बाजूनं थंड पाणी सोडायचं. म्हणजे डाग आला त्या वाटेनं परत जातो. वरून पाणी ओतलं तर तो भरीत ढकलला जातो. मग द्रव डिटर्जंट. फिकट पिवळं उरलंच तर ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. पाण्यात विरघळलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा तयार होतो. थंड पाण्यात ते फार हळू काम करतं, चांगलं कोमट पाणी लागतं. रेशीम आणि लोकर असेल तिथे ते वापरू नका. आणि क्लोरीनचं ब्लीच सुती क्विल्टवरही नको, ते धागाच कमजोर करतं. शिवणाऱ्या दोऱ्याला तर सगळ्यात आधी.

तेलाच्या डागाला आधी पाणी दाखवायचंच नाही. माझ्याकडे एका मॅटवर तेलाच्या बाटलीचा गोल उमटला होता. त्यावर टाल्कम पावडरीचा बोटभर ढीग घातला आणि रात्रभर हात लावला नाही. सकाळी पावडर मधोमध पिवळसर, ओलसर, चिकट झाली होती आणि कडेला पांढरी कोरडी. ती झटकली, पुन्हा नवी घातली. दुसऱ्या दिवशी पावडर जवळजवळ पांढरीच राहिली, तेव्हा कळलं की वर येण्याजोगं तेल आलं. मग भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब, बोटाच्या टोकानं हलकं चोळून, दहा मिनिटांनी धुतलं. गोल दिसत नाही. दोन दिवस लागले, पण टबभर साबण घासूनही हे झालं नसतं.

तुमचा तेलाचा डाग आता ओला-वाळका होऊन बसलाय. तरी भांड्यांचा साबण लावून, अर्धा तास ठेवून, कोमट पाण्यानं धुऊन बघा. जोवर डाग दिसतोय तोवर त्याला इस्त्री लावू नका, एवढं मात्र पाळा. डाग उरलेला असताना उष्णता दिली की तो मग निघत नाही.

मेणाचंही एका वाक्यात: बर्फानं कडक करून बोथट सुरीनं खरवडा, उरलेलं मेण दोन कोऱ्या, छपाई नसलेल्या कागदांमध्ये धरून कोमट इस्त्रीनं ओढून घ्या. रंगीत मेणाचा रंग मात्र मागे राहू शकतो.

गरम भांड्याखाली ठेवायचे पॅड केलेत. आत उष्णता परतवणारी चकचकीत भर आहे. ते मायक्रोवेव्हमध्ये वापरले तर चालतील का? आणि धुतल्यावर ओलेच वापरले तर?

दोन्हींना नाही. त्या चकचकीत भरीत धातूचा पातळ पापुद्रा असतो. मायक्रोवेव्हमध्ये त्यातून ठिणग्या उडतात आणि कापड पेटू शकतं. मायक्रोवेव्हसाठी करायच्या वस्तूत वरचं कापड, भर, अस्तर आणि दोरासुद्धा शंभर टक्के सुती हवा. तरीही नजर ठेवूनच वापरायच्या.

ओल्या पॅडचं जास्त कळकळीनं सांगते. पॅड आपल्याला चटक्यापासून वाचवतो तो भरीतल्या हवेमुळे. हवा उष्णता हळू पोचवते. पॅड ओला झाला की त्या हवेच्या जागी पाणी भरतं, आणि पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक वेगानं उष्णता वाहून नेतं. गरम तव्याच्या कडेला ओला पॅड लावून मी हात भाजून घेतलाय. उजव्या तर्जनीवर डाग अजून आहे. हे पॅड दोन करा, एक धुण्यात असताना दुसरा कोरडा हाताशी राहील. धुण्याच्या बाबतीत त्यांना बाकी मॅटसारखंच वागवा, फक्त आतून पूर्ण वाळलेत ना ते मधोमध दाबून पाहा. वरून कोरडे लागतात, आत ओल असते.

आजीच्या हातचं एक तुकडेजोड टेबलक्लॉथ सापडलं. शंभरएक वर्षांचं असावं. काही रेशमी तुकडे हात लावताच भुगा होतायत आणि काही तपकिरी छापील तुकडे विरलेत. धुऊन नीट करावंसं वाटतं. आईचा फार जीव आहे त्यावर.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. धुऊ नका. साबण, पाणी, मशीन, ड्रायक्लीन, काहीही नको.

रेशमी तुकडे का झडतात ते ऐका, म्हणजे आईलाही समजावता येईल की निगा राखण्यात कुणाची चूक झाली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत बरंचसं रेशीम कथिलासारख्या धातूंच्या क्षारांत बुडवून वजनदार केलं जाई, म्हणजे ते भरघोस वाटे, अंगावर चांगलं पडे. तेच क्षार धागा आतून कुजवतात. रेशीम उभ्या-आडव्या चिरांनी फाटत जातं, कपाटात नुसतं ठेवलं तरी. तपकिरी आणि काळ्या छापांचं कारण वेगळं. त्या काळी ते रंग लोखंडाचे क्षार आणि टॅनिन यांनी बसवत. लोखंड हळूहळू सूत खातं. म्हणून छापातला तपकिरी भाग विरतो आणि शेजारचं पांढरं, गुलाबी शाबूत राहतं. पाण्यात घातलंत तर हे तुकडे टबाच्या तळाशी बसलेले दिसतील.

करता येण्याजोगं एवढं आहे. टेबलावर स्वच्छ पांढरी चादर घाला, त्यावर ते आडवं पसरा. वर मऊ, बारीक जाळीचं कापड ठेवा आणि व्हॅक्यूम क्लिनरची ओढ सगळ्यात कमी करून जाळीवरून, न टेकवता, धूळ ओढून घ्या. झडणाऱ्या रेशमाच्या जवळ तेही नको. विरलेल्या तुकड्यांवर त्याच रंगाचं पारदर्शक, तलम जाळीदार कापड ठेवून त्याच्या कडा शेजारच्या धड कापडात बारीक टाक्यांनी शिवता येतात, म्हणजे भुगा तिथेच राहतो. पण तुमचा हात बसलेला नसेल तर ते वस्त्र-संवर्धन करणाऱ्या जाणकाराकडूनच करून घ्या. टेबलावर मात्र आता ते अंथरू नका. फोटो काढून ठेवा, प्रत्येक तुकड्याचा जवळून. आणि आईला प्रत्येक तुकड्याची हकीकत आठवत असेल तर ती लिहून घ्या, हे काम आधी.

वर्षभर कपाटात ठेवलेला रनर काढला तर घडीच्या रेषांवर पिवळे पट्टे. स्वच्छ धुऊन, खळ घालून, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला होता.

पट्टे बहुधा तीन गोष्टींनी मिळून आलेत. खळ ही किड्यांना आणि बुरशीला मेजवानी असते, आणि जुनी झाली की पिवळी पडते. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. आणि घडी एकाच रेषेवर वर्षभर राहिली की तिथले धागे मोडतात, तिथेच मळही धरतो. धुताना साबण पुरता निघाला नसेल तर तो चौथा.

खळ धुऊन काढा, मग कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीच, वर चहाच्या डागाला सांगितलं तसं. ठेवताना खळ नको, इस्त्रीचीही गरज नाही. रनर पुठ्ठ्याच्या नळीवर, नळीला आधी जुन्या धुतलेल्या चादरीचा तुकडा गुंडाळून, सरळ बाजू बाहेर येईल असा गुंडाळा. वरून पुन्हा सुती कापड. लाकडी फळीवर थेट ठेवू नका, लाकडातली आम्लं कापडाला पिवळं करतात. घडीच घालायची असेल तर प्रत्येक घडीच्या पोटात मऊ कापडाची सुरळी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी घडीची जागा बदला. टाचण्या, सेफ्टीपिना काढल्यात ना, पाहा. पिनेचा गंज लागला तर ब्लीचनं तो आणखी पक्का होतो. त्याला लिंबाचा रस आणि मीठ लावून, थोडा वेळ ठेवून, भरपूर पाण्यानं धुतात. मिठाचा उपयोग असलाच तर तो इथे.

वापरून वापरून मॅटमधून पांढरे केस बाहेर यायला लागलेत. उपटून टाकते, तरी परत येतात.

उपटू नका. ते भरीचे तंतू आहेत. एक ओढला की त्याच्या मागचे दोन वर येतात. कात्रीनं कापडालगत कापा. वरचं कापड विरळ विणीचं असलं किंवा भर हलकी पॉलिएस्टरची असली की असं होतं. पुढच्या वेळी कापड उजेडासमोर धरून पाहा, पलीकडचं दिसत असेल तर ते क्विल्टसाठी नको.

मैत्रिणीला रनर भेट द्यायचाय. तिला शिवणातलं काही कळत नाही. सोबत काय लिहून देऊ?

अस्तराच्या कोपऱ्यात सुती पट्टी शिवून द्या. कागदाची चिठ्ठी हरवते. पट्टीवर कापडावरच्या पक्क्या शाईनं लिहा, आधी तुकड्यावर धुऊन पाहून. मी असं लिहिते: वर सुती, आत सुती, अस्तर सुती. थंड पाणी, सौम्य द्रव साबण. पिळू नये. सावलीत आडवा वाळवावा. पहिल्या धुण्यात थोडा आटेल. खाली माझं नाव आणि शिवलं ते साल.

आणि सोबत एक छोटं पाकीट द्या. रनरमध्ये वापरलेल्या प्रत्येक कापडाचा एकेक तुकडा, आणि तोच दोरा दोन-तीन वाव. हे तुकडे वर्षातून एकदा रनरबरोबर धुवायला सांगा, म्हणजे ठिगळाची वेळ येईल तेव्हा नवं कापड जुन्यात उठून दिसणार नाही. पाकिटात गोटाच्या कापडाची पट्टी जरा लांबच ठेवा, हातभर तरी. सगळ्यात आधी झिजतो तो गोट.